गुंठ्याचा हिशेब : पुण्याच्या पश्चिमेला घर कुणाला परवडतं?

पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेकडे निघालं की भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि पुढे पौड अशी गावं लागतात. डोंगराच्या उत्तर अंगाला सूस, म्हाळुंगे, नांदे, लवळे, माण, मारुंजी आणि हिंजवडी. हा मुळशी तालुक्याचा पूर्व पट्टा. यातल्या बऱ्याच गावांचा कारभार आजही ग्रामपंचायतच पाहते. एका बाजूला भाताची खाचरं आणि दुसऱ्या बाजूला वीस-वीस मजल्यांच्या इमारती, हे दृश्य इथे आता कुणालाच नवं वाटत नाही. इथले रहिवासी सकाळी गाडी काढून हिंजवडीला, बाणेरला किंवा पुणे शहरात कामाला जातात आणि रात्री झोपायला परत येतात. पैसा आहे, हवा चांगली आहे, डोंगर दिसतो. गोल्फचं मैदान आहे, खासगी विद्यापीठं आहेत. म्हणायला ग्रामीण, राहणीनं सधन आणि पोटासाठी शहरावर अवलंबून, असा हा मुलूख आहे.

या लेखात मला एकच प्रश्न तपासायचा आहे. या पट्ट्यात घर नेमकं कुणाला परवडतं, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना ते का परवडत नाही? ‘मागणी वाढली, भाव वाढले’ हे उत्तर खोटं नाही, पण त्यानं काही उलगडत नाही. मागणी तर छोट्या, स्वस्त घरांनाही प्रचंड आहे. मग ती घरं का बांधली जात नाहीत?

मी अर्थशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. वीसेक वर्षं दस्त लिहून देण्याचं काम केलं. साठेखत, खरेदीखत, हक्कसोड, वाटपपत्र असे कागद हाताखालून गेले. कागद लिहिता लिहिता त्यामागचे कायदे वाचायची सवय लागली, आणि कायदे वाचता वाचता हिशेब मांडायची. पुढे जे लिहितो आहे ते त्या सवयीतून आलेलं आहे. उदाहरणांतले आकडे जिथे ‘समजा’ म्हणून घेतले आहेत तिथे ते हिशेब समजण्यासाठी आहेत, बाजारभाव म्हणून नाहीत.

पट्टा कसा भरत गेला

हिंजवडीला औद्योगिक विकास महामंडळानं राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क उभारायला घेतला तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. पार्कचे टप्पे माणपर्यंत सरकले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पासून पूर्ण वापरात आला. लवळ्याच्या डोंगरावर विद्यापीठं आली. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे ज्याला सगळे पीएमआरडीए म्हणतात ते, स्थापन झालं आणि बांधकाम परवानग्यांचा अधिकार त्याच्याकडे गेला. जून २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत घेतली गेली. त्यात सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक होती. हिंजवडी मात्र बाहेरच राहिली. म्हणजे देशभरातून इंजिनिअर जिथे नोकरीला येतात त्या गावाचा कचरा आणि गल्लीतले दिवे अजून ग्रामपंचायतीच्या हाती आहेत.

हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवा बहुमजली रस्ता खुला झाला. या तारखा इथे एवढ्यासाठी दिल्या की घरांच्या किमती अशा घोषणांच्या मागून चालत नाहीत, त्यांच्या पुढे धावतात. रस्ता व्हायच्या आधी त्याचा भाव लागलेला असतो. रस्ता नकाशावर असतानाच तो जाहिरातीत ‘पाच मिनिटांवर’ येतो.

भाव मातीचा नाही, परवानगीचा

‘जमीन महाग झाली म्हणून घरं महाग झाली’ असं आपण सर्रास म्हणतो. हिशेब बहुतेक वेळा उलटा असतो. बिल्डर आधी पाहतो की या जागी तयार फ्लॅट किती दरानं विकला जाईल. त्यातून बांधकाम, परवानग्यांचं शुल्क, कर्जाचं व्याज आणि स्वतःचा नफा वजा करतो. उरेल ते जमीनमालकाला देता येतं.

समजा, एखाद्या गावात फ्लॅटचा दर चौरस फुटाला ६,००० रुपये आहे आणि जमीन सोडून बाकी सगळा खर्च, नफ्यासकट, ४,५०० रुपये आहे. जमिनीच्या वाट्याला १,५०० रुपये आले. आता मेट्रोची बातमी आली आणि दर ७,००० झाला. सिमेंट आणि सळई मेट्रोच्या बातमीनं महाग होत नाही. खर्च तेवढाच राहिला तर जमिनीच्या वाट्याला २,५०० रुपये येतात. फ्लॅट सुमारे १७ टक्क्यांनी महाग झाला, पण जमीन ६७ टक्क्यांनी. जमिनीच्या भावाची उडी घराच्या भावापेक्षा नेहमी मोठी दिसते त्याचं कारण हे.

पण हा वाढलेला भाव सगळ्या जमिनीला मिळत नाही. एकाच गटातल्या दोन शेजारच्या तुकड्यांच्या भावात पाचपट फरक मी कागदांवर पाहिला आहे. माती तीच, पाऊस तोच. फरक कागदाचा. एक तुकडा हरित पट्ट्यात, दुसरा रहिवास विभागात. एकाला मंजूर रस्ता, दुसऱ्याला फक्त बैलगाडीची वाट. एकाचा सातबारा स्वच्छ, दुसऱ्यावर चौदा नावं आणि दोन दावे. शेतजमिनीपासून बिगरशेती परवानगी आणि मंजूर बांधकाम आराखड्यापर्यंत जिना आहे, आणि प्रत्येक पायरीवर भाव चढतो. गावातला शेतकरी बहुधा पहिल्या पायरीवर विकतो. वरच्या पायऱ्या चढायला वेळ, ओळख आणि थांबण्याची ताकद लागते. ती ज्याच्याकडे असते तो मधली सगळी वाढ घेतो.

नियोजनातली अनिश्चितता हा जिना आणखी निसरडा करते. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ साली जाहीर झाला. त्यावर हजारो हरकती आल्या आणि २०२५ साली तो रद्द करण्याचा निर्णय सरकारनं घेतला. आपल्या शेतावर उद्या रस्ता येणार, शाळेचं आरक्षण पडणार की रहिवास विभाग होणार, हे चार वर्षं टांगणीला राहिलं. ज्याला मुलीचं लग्न करायचं आहे किंवा दवाखान्याचं बिल भरायचं आहे तो अशा वेळी मिळेल त्या भावाला विकतो. ज्याला घाई नाही तो घेऊन ठेवतो.

घेऊन ठेवण्याला खर्च किती? जवळजवळ शून्य. शेतसारा इतका किरकोळ आहे की त्याच्या पावतीचा कागद त्याहून महाग पडावा. रिकामी जमीन दहा वर्षं धरून ठेवणाऱ्याला दरवर्षी काहीच मोजावं लागत नसेल तर त्यानं ती बाजारात का आणावी? जमीन डोळ्यांसमोर मोकळी पडलेली असते आणि तरीही ‘जमीनच नाही’ अशी ओरड असते, ती यामुळे.

विकलेल्या जमिनीचा पैसा कुठे जातो

२०१८ साली आलेल्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटामुळे जमीन विकून देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याची गोष्ट महाराष्ट्रभर पोचली. ती खरी आहे, पण सगळ्यांचीच नाही. अनेकांनी पैसा उधळला नाही. त्यांनी पुढच्या गावात जमीन घेतली. यामागे शहाणपण होतं तसा करही होता.

१० लाखांहून जास्त लोकवस्तीच्या शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकली तर होणाऱ्या नफ्यावर प्राप्तिकर लागतो. त्यापलीकडच्या ग्रामीण शेतजमिनीवर तो लागत नाही. आतल्या जमिनीचा कर वाचवायचा एक कायदेशीर मार्ग असा की स्वतः कसलेल्या त्या जमिनीच्या नफ्यातून दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घ्यायची. मूळ हेतू चांगला आहे. शेतकऱ्यानं शेतकरी राहावं. प्रत्यक्षात परिणाम असा झाला की भूगावात मिळालेला शहरी भाव घेऊन माणूस पौडच्या पुढे गेला, तिथला वेल्ह्याकडे किंवा भोरकडे. तिथल्या भाताच्या पिकाला कधीच न परवडणारा भाव तिथल्या शेताला आला. शहर अजून वीस किलोमीटर दूर असताना शहराचा भाव तिथे पोचलेला असतो.

यात सर्वांत जास्त कोंडी होते ती त्याच गावातल्या भूमिहीन किंवा अल्पभूधारक घरांची. बापाच्या दोन खोल्यांत तीन भावांचे संसार. गावठाण संपलेलं. गावातच जागा घ्यायची तर भाव शहराचा आणि कमाई गावातली.

एक गुंठा

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. कष्टकरी कुटुंबाला घर बांधायला अर्धा-एक गुंठा पुरतो. परवडतोही साधारण तेवढाच. आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

१९४७ चा तुकडेबंदी कायदा म्हणतो, शेतजमिनीचे ठरावीक प्रमाणाहून लहान तुकडे करू नका. २०२३ च्या अधिसूचनेनं हे प्रमाण जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे केलं. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ म्हणतं, जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येणार नाही. दोन्ही कायदे शेती वाचवण्यासाठी झाले, आणि ज्या काळात झाले त्या काळात योग्यच होते. पण आज भूगाव-पिरंगुटला त्यांचा अर्थ काय होतो? सुरक्षारक्षकाचं काम करणारा माणूस शेतकरी असल्याचा दाखला देऊ शकत नाही आणि दहा गुंठे घेऊ शकत नाही. दुसरीकडे, एकात्मिक नगर वसाहतीच्या धोरणाखाली किमान १०० एकर सलग जमीन घेणाऱ्या प्रकल्पासाठी त्याच कूळकायद्यात वेगळी वाट करून दिलेली आहे. शंभर एकराला दार आहे. एका गुंठ्याला नाही.

दार नसलं की माणूस खिडकीतून जातो. पाच-दहा अनोळखी कुटुंबं मिळून दहा-अकरा गुंठे सामाईक घेतात आणि आपसात चुना टाकून वाटून घेतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकत्र येतात, हद्द कुणाचीच नाही. कुणी नोटरी केलेल्या कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर भागवतं. रस्ता दहा फुटी, सांडपाणी शोषखड्ड्यात, वीज शेजारच्या मीटरवरून. बँक अशा घराला कर्ज देत नाही. मग दागिने, भिशी, गावाकडची विकलेली जमीन आणि शेकडा दोन-तीन रुपयांनी घेतलेले पैसे. वर्षाला २४ ते ३६ टक्के व्याज. म्हणजे सर्वांत गरीब माणूस सर्वांत कच्च्या कागदाच्या घरासाठी सर्वांत महाग पैसा वापरतो.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. २००१ साली गुंठेवारी नियमित करणारा कायदा झाला. त्यातली मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. २०२५ साली तुकडेबंदी काही हद्दींत शिथिल करण्याची पावलंही उचलली गेली. पण या सगळ्या उपायांची दिशा मागे पाहणारी आहे. जे झालं ते पदरात घ्या. उद्या लागणारा गुंठा कायदेशीरपणे, मोजणी करून, रस्ता सोडून कुठे मिळेल, याचं उत्तर त्यात नाही. त्यामुळे प्रत्येक मुदतीनंतर पुढच्या मुदतीची वाट पाहत नव्या वस्त्या उभ्या राहतात.

छोट्या इमारतींचीही तीच गत. रेरा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि मोठ्या प्रकल्पांत ग्राहकाला खरंच बळ मिळालं. पण ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही, किंवा ज्यात आठपेक्षा जास्त घरं नाहीत, त्याला नोंदणीची सक्ती नाही. गावांत उभ्या राहणाऱ्या स्वस्त इमारती बहुधा याच मापाच्या असतात. संरक्षणाची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच ते संपतं.

हप्त्याचं गणित

घर परवडणं म्हणजे काय? मी एक साधा निकष वापरतो. मासिक उत्पन्नाच्या ४० टक्क्यांत हप्ता बसला पाहिजे, आणि सुरुवातीची रक्कम दागिने न मोडता जमली पाहिजे. साडेआठ टक्के व्याजानं २० वर्षांसाठी एक लाख कर्जाला महिन्याला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. एवढा एक आकडा लक्षात ठेवला तर कुणालाही हा हिशेब करता येतो.

समजा, ६० लाखांचा, बांधकाम सुरू असलेला फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के अशी मर्यादा आहे. म्हणजे इथे कर्ज जास्तीत जास्त ४८ लाख. उरलेले १२ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत. तो वेगळा. हद्दीप्रमाणे शुल्काचा टक्का बदलतो, सहा टक्के धरले तर ३ लाख ६० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. पाच टक्के जीएसटी ३ लाख. बेरीज जवळपास १९ लाख रुपये, आणि हे कर्जाचा पहिला हप्ता सुरू होण्याआधी. हप्ता सुमारे ४१,६०० रुपये.

आता तीन कुटुंबं घेऊ. पहिलं, आयटीतलं जोडपं, दोघांचे मिळून महिना २ लाख. त्यांना हप्ता उत्पन्नाच्या २१ टक्के पडतो. ते ९० लाखांचं कर्जही पेलू शकतात, आणि म्हणून बाजार त्यांच्यासाठी घरं बांधतो. दुसरं, शाळेतल्या शिक्षिकेचं किंवा रुग्णालयातल्या परिचारिकेचं घर, महिना ६० हजार. हप्ता उत्पन्नाच्या जवळपास ७० टक्के. त्यांना झेपणारं कर्ज साडेसत्तावीस लाखांचं, म्हणजे घर तीस लाखांच्या आसपास. तिसरं, नवरा टेम्पोवर, बायको चार घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करणारी, महिना ३० हजार. झेपणारं कर्ज चौदा लाखांच्या आत, तेही बँकेनं रोख कमाई मान्य केली तर. मोठ्या वसाहतींच्या जाहिरातींत या तिसऱ्या कुटुंबाच्या मापाचं घर शोधून पाहावं. त्याच वसाहतीत ही बाई रोज सहा तास काम करते.

व्याज कमी झालं तर? मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आला, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्यानं खाली आला. समजा, कर्जाचं व्याज साडेआठवरून पावणेसात टक्क्यांवर आलं. तेच ४१,६०० रुपये भरून आता ४८ ऐवजी सुमारे ५५ लाख कर्ज मिळतं. ग्राहकाला वाटतं, आपली ऐपत सात लाखांनी वाढली. पण ऐपत शेजाऱ्याचीही तेवढीच वाढलेली असते. घरं तेवढीच असतील तर ते सात लाख काही दिवसांत किमतीत जाऊन बसतात, आणि किमतीतून आपण वर पाहिलं तसे जमिनीत. पुढे व्याज वाढतं तेव्हा किंमत मात्र त्या चपळाईनं उतरत नाही. सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात मुद्रांक शुल्क कमी केलं होतं. त्या सवलतीनं थांबलेले व्यवहार हलले, हे चांगलंच झालं. पण ज्याची ऐपत तीस लाखांची आहे त्याला साठ लाखांच्या घरावरच्या तीन टक्के सवलतीचा उपयोग नसतो.

‘परवडणारं घर’ या शब्दाची सरकारी व्याख्याही पाहण्यासारखी आहे. एप्रिल २०१९ पासून ४५ लाखांपर्यंतच्या घराला पाचऐवजी एक टक्का जीएसटी आहे. पुणे महानगरांच्या यादीत नसल्यानं इथे ९० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंत ही सवलत मिळते. दुसऱ्या कुटुंबाला ४५ लाखांचं घर परवडत नाही हे आपण आत्ताच पाहिलं. आणि ज्या मोजक्या जागी पूर्वी ४५ लाखांत घर मिळायचं तिथे आता मिळत नाही. किमती पुढे गेल्या, मर्यादा तिथेच राहिली.

अंतराची आणि पाण्याची किंमत

लांब गेलं की घर स्वस्त मिळतं, हे खरं. पण किती? समजा, घरापासून कामाची जागा २५ किलोमीटरवर आहे. महिन्याला २२ दिवस, जाऊन-येऊन १,१०० किलोमीटर. गाडी लिटरला १४ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०० रुपये धरलं तर महिन्याला सुमारे ७,८६० रुपये. वरच्या ८६८ च्या आकड्यानं भागा. हा खर्च म्हणजे ९ लाखांच्या कर्जाचा हप्ता. लांबचं घर जवळच्यापेक्षा ९ लाखांहून कमी फरकानं स्वस्त असेल तर पैशाचा फायदा झालाच नाही, आणि पिरंगुटच्या घाटात किंवा हिंजवडीच्या चौकात गेलेले तास यात धरलेलेच नाहीत. मुळात लांब राहणं पेट्रोलवर नाही तर बसवर अवलंबून असेल तरच स्वस्त ठरतं. ज्या गावात रात्री साडेनऊनंतर बस नाही तिथे स्वस्त घर घेणाऱ्याला आधी दुचाकी घ्यावी लागते.

पाण्याचं तर काय सांगावं. मुळा आणि निळा नद्यांच्या काठचं खोरं बुडवून टाटांनी विजेसाठी मुळशीचं धरण बांधलं. त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. त्याचं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला वीज करून कोकणात उतरतं. आज त्याच तालुक्याच्या पूर्वेला लाखो रुपयांच्या फ्लॅटना टँकरनं पाणी येतं. परवानगीच्या वेळी ‘पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू’ असं हमीपत्र दिलं जातं. ताबा मिळाल्यावर, सोसायटी झाल्यावर, ते ओझं मासिक देखभाल खर्चात उतरतं. घर घेताना चौरस फुटाचा दर सगळे विचारतात. उन्हाळ्यात टँकर किती लागतात, हे विचारणारा क्वचित भेटतो.

करता येण्याजोगं

मोठी घरं बांधू नयेत असं माझं म्हणणं नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांनी जरूर घ्यावीत. त्या बांधकामांवर तालुक्यातल्या किती चुली चालतात हे मला ठाऊक आहे. मुद्दा असा की छोट्या घराचा कायदेशीर बाजार इथे आपोआप तयार होणार नाही, कारण नियमांची सगळी मापं मोठ्या खरेदीदाराच्या अंगाची आहेत. ती मापं बदलता येतात.

पहिलं, गावठाण. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या पट्ट्यातली जमीन रहिवासासाठी बिगरशेती मानण्याची तरतूद महसूल कायद्यात आता आहे. त्या पट्ट्यात ग्रामपंचायतीनं आधी रस्ते आणि गटारं आखून, मोजणी करून, एक-दोन गुंठ्यांचे कायदेशीर भूखंड पाडले तर गावातल्या तरुणाला नोटरीचा कागद घ्यावा लागणार नाही. वाढ होणारच आहे. रस्ता आधी आखला तर तो राहतो, नंतर आखला तर घरं पाडावी लागतात.

दुसरं, सर्वसमावेशक घरं. मोठ्या भूखंडांवरच्या प्रकल्पांत २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटासाठी राखायची आणि ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची, असा नियम आहे. भूखंडाची मर्यादा ४,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक एकर. एकच मालक शेजारशेजारचे तुकडे वेगवेगळे दाखवून मर्यादेखाली राहू शकत असेल तर तो नियम कागदावर राहतो. सलग जमीन एकत्र मोजली पाहिजे.

तिसरं, भाड्याची घरं. आपण घर म्हणजे मालकीचंच असं धरून चालतो. समजा, ६० लाखांच्या फ्लॅटचं भाडं महिना १८ हजार आहे. म्हणजे वर्षाला किमतीच्या ३.६ टक्के, आणि कर्ज साडेआठ टक्क्यांचं. एवढ्या तुटीत कुणीही निव्वळ भाड्यासाठी बांधणार नाही, सगळे भाववाढीच्या आशेवर घेतात. म्हणून परिचारिका, शिक्षक, चालक, कामगार यांच्यासाठी भाड्याच्या खोल्या हव्या असतील तर त्यांची जमीन सार्वजनिक मालकीचीच असावी लागेल. हिंजवडीच्या पार्कसाठी सरकारनं शेकडो एकर संपादन केलं. त्यातली काही जमीन तिथे झाडू मारणाऱ्यांच्या घरांसाठी ठेवता आली असती. पुढच्या टप्प्यांत, मेट्रोच्या स्थानकांलगत, ती अजून ठेवता येईल.

चौथी गोष्ट माझ्यासारख्या हौशी माणसालाही करता येते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्तांची सूची पाहता येते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पात किती घरं, कोणत्या मापाची, हे नोंदलेलं असतं. शेवटची जनगणना २०११ ची आहे आणि या पट्ट्याचं चित्र तेव्हापासून ओळखू न येण्याइतकं बदललं आहे. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीनं वर्षातून एकदा एक पानाचा हिशेब भिंतीवर लावावा : यंदा गावात किती घरांना परवानगी मिळाली, त्यातली तीस लाखांच्या आतली किती, आणि एक गुंठ्याचे मोजणी झालेले भूखंड किती. तीन आकडे. ग्रामसभेत वाचायला दोन मिनिटं लागतील. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यापुढे शून्य दिसलं, तर त्या गावात पुढच्या पिढीचं कोण राहणार आहे याची चर्चा त्याच सभेत सुरू करता येईल.